ऑर्किडची पानं परत परत लुळी पडतायत? पाणी घालायच्या आधी मुळं बघा

माझ्याकडच्या फॅलेनॉप्सिसने (म्हणजे ते रुंद जाड पानांचं, लांब दांड्यावर पतंगासारखी फुलं येणारं, बहुतेकांच्या घरी असतं तेच) दीड वर्षात तीन वेळा सेम नाटक केलं. पानं मऊ पडायची, त्यांच्यावर लांबीच्या दिशेने सुरकुत्या यायच्या, मी म्हणायचे तहानलंय बिचारं आणि पाणी वाढवायचे, तर पानं अजूनच लोंबायची, मग घाबरून कुंडी बदलायचे, दोन-तीन महिने बरं चालायचं, एखादं नवीन मूळसुद्धा दिसायचं आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्या वेळी कारण सापडलं आणि ते इतकं समोर होतं की स्वतःचाच राग आला. तुमचंही असंच होत असेल तर हे वाचा, थोडं लांबलंय.

पहिली गोष्ट. सुरकुतलेलं पान फक्त एवढंच सांगतं की पानापर्यंत पाणी पोचत नाहीये. का पोचत नाहीये ते सांगत नाही. कुंडी कोरडीठाक असेल तरी पान असंच दिसतं आणि कुंडीत पाणी भरपूर आहे पण मुळं कुजून गेलीयत, प्यायला तोंडच नाही, तरी पान डिट्टो असंच दिसतं. उपाय मात्र एकदम उलटे. म्हणून पानाचा फोटो टाकून 'काय झालंय' विचारलं की निम्मे लोक पाणी वाढवा म्हणतात आणि निम्मे कमी करा म्हणतात, आणि दोघंही अंदाज मारत असतात. घरातल्या ऑर्किडचं मात्र बहुतेक वेळा कुजणंच निघतं, कारण आपण लोक झाडाला उपाशी ठेवायला घाबरतो पण बुडवायला घाबरत नाही.

हे असं का होतं ते कळायला मूळ कसं असतं ते माहीत पाहिजे. ही झाडं जंगलात मातीत वाढत नाहीत, दुसऱ्या झाडांच्या खोडाला चिकटून वाढतात, मुळं उघडी, पाऊस आला की चिंब आणि थोड्या वेळात वाऱ्याने परत कोरडी. मुळाभोवती स्पंजसारखं एक जाड पांढुरकं आवरण असतं, वेलामेन म्हणतात त्याला, मेलेल्या पेशींचं असतं आणि पाणी पटकन शोषून घेतं. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून मूळ चंदेरी दिसतं, भिजलं की ते पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. म्हणजे मूळच तुम्हाला सांगतं की मी ओलं आहे का कोरडं, वेगळं मीटर वगैरे काही लागत नाही. आणि हाच स्पंज दिवसेंदिवस ओला राहिला तर मुळाला हवा मिळत नाही, ते गुदमरतं, मरतं आणि मग बुरशी आत शिरते. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं, अक्षरशः.

तर आता तपासणी. आधी कुंडी उचलून वजन बघा. पाणी घालून आठ दिवस झाले तरी जड लागतेय? मग आत काहीतरी पाणी धरून बसलंय. खालच्या भोकाला नाक लावा, जंगलातल्या ओल्या पालापाचोळ्यासारखा वास चालेल, कुबट आंबूस वास आला तर कूज आहे. बारीक काळ्या माश्या उडत असतील तर त्या झाड खात नाहीत फारशा, पण आतलं माध्यम (मातीऐवजी कुंडीत भरलेलं असतं ते) सडून भुसा झालंय आणि कायम ओलं आहे याची ती खूण.

आणि मग बाहेर काढा. फुलं असली तरी काढा. 'फुलं आहेत तोवर हात लावू नका' हा सल्ला निरोगी झाडासाठी आहे, कुजणाऱ्या झाडाला फुलं संपेपर्यंत थांबवलं की फुलं आणि झाड दोन्ही जातात.

प्लास्टिकची कुंडी असेल तर बाजूने हलकं दाबत दाबत झाड सैल करा, मुळं कुंडीला चिकटली असतील तर १५-२० मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ठेवा, भिजलेली मुळं लवचिक होतात आणि कमी तुटतात. जुनं बार्क (म्हणजे झाडाच्या सालीचे तुकडे, ऑर्किड मातीऐवजी त्यातच लावतात) झटकून टाका, साध्या पाण्याखाली सगळं धुवा. आता एकेक मूळ चिमटीत धरून दाबायचं. रंगावर जाऊ नका प्लीज, मी पहिल्यांदा तीच चूक केली, कुंडीच्या आतली मुळं उजेड नसल्याने पिवळट असतात, बार्कच्या डागाने तपकिरी होतात, आणि मी ती सगळी कुजलेली समजून चांगली मुळं कापून टाकली होती. टणक लागलं की ठेवा, रंग काही का असेना. दाबल्यावर पिचकलं, पाणी निघालं, वरचं साल मोज्यासारखं सरकून आत नुसता दोरा राहिला, ते मेलं. दाबल्यावर कागदासारखं पोकळ चुरचुरीत लागलं तर तेही मेलं, पण ते पाण्यावाचून वाळलंय. इथेच तुमचं निदान होतं: बहुतेक मुळं पिचपिचीत म्हणजे पाणी जास्त किंवा हवा कमी, बहुतेक चुरचुरीत म्हणजे पाणी खरंच कमी. आणि बहुतेक सगळी टणक आणि तरी पानं लुळी, तर मग मुळांना सोडा, खाली लिहिलेलं गाभ्याचं आणि किडीचं बघा.

आता माझं ते कारण. दोन्ही वेळा मी बाहेरची मुळं साफ केली, कापली, नवीन बार्क घातलं, पण बरोबर मधोमध, खोडाच्या खाली, मुळांच्या जाळीत एक लिंबाएवढा गोळा होता त्याला हात लावला नाही, मुळं तुटतील म्हणून. तिसऱ्या वेळी उकलला तर आत मॉसचा (वाळवलेल्या शेवाळाचा) घट्ट लगदा, त्याला बारीक जाळी गुंडाळलेली. रोप एवढंसं असताना नर्सरीत त्याला अशा मॉसच्या किंवा काथ्याच्या छोट्या गोळ्यात लावतात, मग मोठं झालं की गोळ्यासकट पुढच्या कुंडीत सरकवतात. तिथे त्यांच्या हिशोबाने ते ठीकच असतं, पाणी मोजून, हवा खेळती, सगळं त्या हिशोबाने चालतं. घरी मात्र बाहेरचं बार्क चार दिवसात वाळतं, वरून हात लावला की कोरडं लागतं, आपण परत पाणी घालतो आणि मधला गोळा कधीच वाळत नाही. कूज तिथून सुरू होऊन बाहेर येते आणि वर खोडाकडे चढते. मी दरवेळी बाहेरची कूज कापत होते आणि कारखाना आतच ठेवत होते! नवीन आणलेल्या ऑर्किडमध्ये हा गोळा असण्याची शक्यता बरीच आहे, तेव्हा बोटाने किंवा बोथट काडीने, पाण्याखाली धरून, थोडं थोडं करून तो सगळा काढाच, दोन-चार मुळं तुटली तरी परवडलं.

दुसरं कारण शोभेची बाहेरची कुंडी. भोक नसलेली, तळाला दोन बोटं पाणी साठलेलं, आणि वरून काही दिसत नाही. ती वापरायची तर पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढा आणि पूर्ण निथळल्याशिवाय परत ठेवू नका.

कापायची कात्री दर झाडाला आचेवर तापवून घ्या, नुसती पुसून नाही, ऑर्किडचे काही व्हायरस (सिम्बिडियम मोझेक त्यातला कॉमन) रसातून एका झाडाचे दुसऱ्याला लागतात आणि त्यांच्यावर औषध नाही. पिचपिचीत भाग टणक लागेपर्यंत कापा. मग दालचिनीची पूड. हिच्यावरून लोक भांडतात. माझं मत असं की कापलेल्या तोंडावर चिमूटभर ठीक आहे, ती जखम सुकवते, पण तोच तिचा दोष पण आहे, चांगल्या मुळांवर भुरभुरली तर त्यांनाही सुकवते, तेव्हा सगळ्या मुळांना पावडर लावल्यासारखी फासू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडने फेस येतो, काहीतरी होतंय असं समाधान मिळतं, पण ते चांगल्या पेशींनाही भाजतं, मी वापरणं बंद केलं. नीट कापणं आणि रात्रभर उघड्यावर सुकू देणं, बास. उपचारातला महत्त्वाचा भाग तोच आहे आणि तो फुकट आहे.

परत लावताना कुंडी मुळांच्या मापाची घ्या, पानांच्या नाही. अर्धी मुळं कापली असतील तर आधीच्यापेक्षा लहान कुंडी लागेल, बघायला विचित्र वाटतं पण मोठ्या कुंडीत मधला भाग वाळत नाही आणि आपण परत तिथेच येतो. पारदर्शक प्लास्टिकची, खाली आणि बाजूला भोकं असलेली बेस्ट, मुळांचा रंग दिसतो. बार्कचे तुकडे साधारण एक ते दोन सेंटीमीटरचे, आदल्या रात्री भिजत घाला, कारण एकदम कोरडं बार्क पाणी धरतच नाही, वरून घातलेलं सगळं खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं पाणी दिलं. बागेतली माती, कितीही भारी असली तरी, नको. पानांचा तळ माध्यमाच्या वर राहिला पाहिजे. झाड डुगडुगत असेल तर काडी लावून बांधा, हललं की नव्या मुळांची कोवळी टोकं घासून मरतात.

बार्क कायमचं नसतं हे पण लक्षात ठेवा, दीड-दोन वर्षात ते कुजून बारीक होतं, फटी बुजतात, हवा जाते. 'इतकी वर्षं तसंच पाणी घालतेय, आत्ताच काय झालं' याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

पाण्याचं म्हणाल तर वार ठरवून घालू नका. मुळं चंदेरी झाली आणि कुंडी हलकी लागली की घालायचं. माझ्याकडे गरम दिवसात पाच-सहा दिवसांनी वेळ येते, थंडीत दहा-बारा दिवस सुद्धा जातात, तुमच्याकडे वेगळं असेल. घालाल तेव्हा कंजूषी नको, कुंडी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवायची आणि मग पूर्ण निथळू द्यायची. घोट घोट रोज घालणं सगळ्यात वाईट, वरचं ओलं खालचं कोरडं किंवा उलटं. आणि शक्यतो सकाळी, म्हणजे पानांवर चुकून पाणी पडलं तरी दिवसभरात वाळतं.

मुळं जवळजवळ उरलीच नसतील तर? तरी लगेच फेकू नका. ओलसर मॉस घ्या, ओलसर म्हणजे पूर्ण पिळून, एक थेंब पडता कामा नये, त्याच्यावर झाडाचा तळ जेमतेम टेकवा आणि सगळं पारदर्शक पिशवीत किंवा डब्यात बंद करून उजेडात पण थेट उन्हात नाही अशा ठिकाणी ठेवा (उन्हात ठेवलंत तर उकडून निघेल). आतल्या दमटपणाने पानांतलं पाणी उडत नाही आणि झाडाला मुळं काढायला वेळ मिळतो. आठवड्यातून एक-दोनदा उघडून हवा द्या, बुरशी दिसली तर मॉस बदला. एक-दोन महिने तरी काही दिसणार नाही आणि तुम्हाला रोज उपटून बघावंसं वाटेल, बघू नका. दांडा असेल तर तो आधी कापा, जीव जाईल असं वाटतं पण मुळं नसलेलं झाड फुलं पोसायला पानं सुकवतं. खत तर अजिबात नको. आजारी झाडाला खत म्हणजे ताकद असं आपल्याला वाटतं, पण खत म्हणजे क्षार, आणि जखमी मुळाला क्षार म्हणजे जखमेवर मीठच की.

आता गाभ्याचं. ही कूज वेगळी आणि खूप फास्ट. वरच्या पानांच्या मधे जो खड्डा असतो तिथे पाणी साठून राहिलं की गाभा सडतो, मधलं कोवळं पान बुडाशी तपकिरी पिवळं होतं आणि हलकं ओढलं की हातात येतं. फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच, इतर काही ऑर्किडसारखे पाणी साठवायचे फुगीर कंद पण नाहीत, त्यामुळे तो शेंडा गेला की वरून नवीन पान येत नाही. कधीकधी बुडातून पिल्लू फुटतं, उरलेली पानं आणि मुळं चांगली असतील तर वाट बघायला हरकत नाही. माझं दुसरं एक झाड असंच गेलं, रोज प्रेमाने स्प्रे मारायचे ना मी! तेव्हापासून स्प्रेची बाटली खिडकीची काच पुसायला वापरते. गाभ्यात पाणी गेलंच तर टिश्यूचं टोक घालून टिपून घ्या, एवढंच.

पानावर डाग आला की पेनाने त्याच्या कडेने रेघ मारा आणि उद्या बघा. रेघ ओलांडली नाही, डाग कोरडा फिकट आहे, पानाच्या उन्हाकडच्या बाजूला आहे, तर ऊन लागलंय, झाड सरकवा आणि विसरा, दिसायला घाण पण पान काम करतं. रेघ ओलांडली, डाग पाण्याने भिजल्यासारखा पारदर्शक, भोवती पिवळी कडा, तर जिवाणू असण्याची शक्यता, मग थांबायचं नाही, डागाच्या पुढचा बोटभर चांगला भाग धरून कापायचं, झाड इतरांपासून लांब ठेवायचं, पानं कोरडी ठेवायची आणि वारा खेळता ठेवायचा. खालचं एकच जुनं पान हळूहळू पिवळं पडत असेल तर तो आजार नाही, वय झालं त्याचं. ओढू नका, गळेल.

कीड शोधायची तर पानाच्या खालच्या बाजूला आणि पान खोडाला मिळतं त्या बेचक्यात बघा. कापसासारखं पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण, तपकिरी टिकल्या नखाने निघतात त्या खवले कीड. कापसाचा बोळा ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पुसा आणि आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा परत करा, कारण अंडी राहतात, एकदाच पुसून 'गेली' म्हणणाऱ्यांकडेच ती परत येते. पान चंदेरी ठिपकेदार, खरखरीत दिसत असेल तर पांढरा टिश्यू खालून घासा, लालसर तपकिरी डाग आले तर कोळी कीड (जाळं विणणारा घरातला कोळी नाही, अगदी बारीक माइट्स). मात्र दांड्यावर स्वच्छ चिकट थेंब दिसले आणि कीड कुठेच नाही तर घाबरू नका, झाड स्वतःच गोड रस सोडतं कधीकधी.

कळ्या पिवळ्या पडून गळतात हा प्रश्न पण खूप जण विचारतात. नुकतीच जागा बदलली, एसी किंवा हीटरचा झोत लागतोय, मुळं खराब आहेत, किंवा शेजारी पिकती फळं ठेवलीयत, यातलं काहीतरी असतं. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कळ्यांना तो अजिबात सोसत नाही. दोन-तीन महिने फुलून मग फुलं गळली तर मात्र ते नॉर्मल आहे, शोक करू नका.

परत फुलायला उजेड लागतो. पानं गडद हिरवी, छान दिसतायत म्हणजे बहुतेक उजेड कमी आहे, थोडी पोपटी हिरवी हवीत, लालसर झाक आली तर जास्त झाला. आणि थोडा गारवा, काही आठवडे तापमान २५ अंशांच्या खाली राहिलं की दांडा धरतो, सतत २८ च्या वर असेल तर झाड नुसती पानं काढत बसतं. खत वाढ सुरू झाल्यावरच, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भाग, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने भरपूर धुवून काढा. बार्कवर पांढरा थर आणि मुळांची टोकं काळी दिसली तर क्षार साठलेत.

माझ्या झाडाचं सध्याचं स्टेटस: गोळा काढून सात महिने झाले, दोन नवीन पानं ताठ आहेत, पाच मुळं कुंडीच्या कडेने हिरवी टोकं घेऊन फिरतायत. जुन्या पानांच्या सुरकुत्या तशाच आहेत, एकदा फार सुरकुतलेलं पान पूर्ण सपाट होत नाही, त्यामुळे सुधारणा झाली का ते त्या पानांवरून ठरवू नका, नवीन पान आधीच्यापेक्षा मोठं येतंय का लहान ते बघा. दांडा अजून नाही. कोणाकडे गोळा काढल्यावर तरीही परत कूज आली असेल तर मुळांचा फोटो टाका, पानांचा नको.